फितीपासून फाइलपर्यंत

घरच्या घरी आवाजावर आवाज चढवत गाणे मुद्रित करण्याची सोय १९७९ मध्ये टास्कॅमच्या 'पोर्टास्टुडिओ'ने दिली. साधी कॅसेट दुप्पट वेगाने फिरे आणि दोन्ही बाजूंची जागा मिळून एकाच दिशेने चार ट्रॅक बसत. पाचवा हवा असेल तर तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. मग त्यांतला एखादा आवाज वेगळा कमी-जास्त करणे अशक्य.

१९८३ च्या मिडी मानकाने वाद्ये संगणकाला जोडली. अटारी एसटीला मिडीची सोय अंगचीच होती, म्हणून हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने १९८९ मध्ये 'क्यूबेस' हे सॉफ्टवेअर त्याच संगणकासाठी काढले. मात्र त्यात साठत सुरांच्या सूचना, सूर नव्हेत. गायकाच्या दृष्टीने ते निरुपयोगीच. प्रत्यक्ष आवाज मुद्रित करणारे डिजिडिझाइनचे 'प्रो टूल्स' १९९१ मध्ये आले, पण तेही चारच ट्रॅकचे आणि महागड्या कार्डांवर अवलंबून.

खरा पालट १९९६ चा. स्टाइनबर्गच्या व्हीएसटी तंत्रामुळे घुमाऱ्याची, प्रतिध्वनीची कामे संगणकाचा प्रोसेसरच करू लागला. तोवर सॉफ्टवेअरची निवड म्हणजे बव्हंशी यंत्राची निवड होती. २००० मध्ये 'ऑडॅसिटी' हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर मोफत मिळू लागले आणि २००४ पासून नव्या मॅकसोबत 'गॅरेजबँड' आयतेच येऊ लागले.