ओटीपोटाचं दुखणं आणि आतड्यातले जिवाणू

मी कवितेतली बाई. बी.ए.पर्यंत शिकले, तेही भाषा विषय घेऊन. आज मी एका आजाराबद्दल बोलणार आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. पण या आजाराच्या मागे एका शब्दाचा इतिहास आहे, आणि शब्द हा तर माझाच प्रांत.

तो शब्द म्हणजे हिस्टेरिया. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. बाई वेदनेनं तळमळू लागली आणि कारण सापडेना, की तिचा गर्भाशय बिघडला, तिचं मन ठिकाणावर नाही, असं म्हणून शतकानुशतकं तिची बोळवण झाली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या यादीतून हे निदान काढलं ते १९८० साली.

त्या तळमळणाऱ्या बायकांपैकी किती जणींना एंडोमेट्रिओसिस असेल, ते आता कोण सांगणार? या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यांवर वाढतं. पाळीबरोबर तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण त्या रक्ताला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात, असह्य कळा येतात, काहींना दिवस राहायला अडचण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी जणींना हा आजार आहे. निदान व्हायला मात्र अनेकदा वर्षानुवर्षं जातात.

याचं एक कारण आपल्या घरात आहे. कुणाकडे बाईला ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवलं जायचं. आमच्या घरांत रमजानमध्ये पाळी आलेल्या बाईला रोजा माफ असतो, पण ती चार घास खाते ते पुरुषांची पाठ फिरल्यावर. जिथं पाळीच लपवायची, तिथं पाळीतलं दुखणं सांगायचं कुणाला? मुलीनं सांगितलंच, तर उत्तर ठरलेलं: ‘बाईच्या जातीला हे असायचंच. लग्न झालं, एक मूल झालं, की थांबेल.’

हे उत्तर फक्त आपल्या आजीबाईंचं होतं असं समजू नका. १९४०च्या सुमारास बोस्टनचे नामवंत डॉक्टर जो मेग्ज हेच सांगत होते. सुखवस्तू घरांतल्या मुली लग्न आणि मूल लांबणीवर टाकतात म्हणून हा आजार होतो, तेव्हा लवकर लग्न करा, लवकर मूल होऊ द्या, असा त्यांचा सल्ला होता. पुढं तर ‘करिअर करणाऱ्या बाईचा आजार’ असंच नाव याला चिकटलं. म्हणजे दुखणं बाईचं आणि दोषही बाईचाच.

तोवर विज्ञान मात्र दुसऱ्या वाटेनं निघालं होतं. १८६० साली व्हिएन्नामध्ये कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्याच ठिकाणी वाढल्याचं लिहून ठेवलं. या आजाराचं ते पहिलं वर्णन की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. मग १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी इथले डॉ. जॉन सॅम्पसन यांनी आजाराला आजचं नाव दिलं आणि कारणही सुचवलं. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं, त्याबरोबर अस्तराच्या पेशी जातात आणि तिथं रुजतात.

हे पटण्यासारखं होतं, पण एक गाठ सुटेना. असं उलटं रक्त तर बहुतेक बायकांच्या पोटात जातं. मग आजार दहातल्या एकीलाच का?

याची अनेक उत्तरं शोधली जात आहेत. आनुवंशिकता आहे, संप्रेरकं आहेत, शरीराची प्रतिकारशक्ती आहे. त्यांत आता आतड्यातल्या जिवाणूंची भर पडली आहे. २००२ साली अमेरिकेत मायकेल बेली आणि ख्रिस्तोफर को यांना दिसलं, की हा आजार असलेल्या ऱ्हीसस माकडिणींच्या आतड्यात दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, कमी होते. २०१९ साली सेंट लुईस इथं रामकृष्ण कोम्मागानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिल्यावर गाठी लहान राहिल्या. मग आजारी उंदरांच्या विष्ठेतले जिवाणू त्यांना परत दिले, तर गाठी पुन्हा वाढल्या. २०२३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना आजार असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा तोंडात आणि आतड्यात आढळणारा जिवाणू सापडला. आजार नसलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होतं. या जिवाणूमुळे शरीराच्या भक्षक पेशी चेतवल्या जातात आणि गाठ वाढायला मदत होते, असं त्यांचं म्हणणं.

या भक्षक पेशींचा शोध लावणारे इल्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल मिळालं होतं. आतड्यातले वाईट जिवाणू माणसाला म्हातारं करतात, म्हणून आंबवलेलं दूध प्यावं, असंही तेच सांगत. त्याच काळात आतड्यातल्या विषाची अशी काही धास्ती पसरली, की लंडनच्या आर्बथनॉट लेन या नामांकित शल्यविशारदांनी बद्धकोष्ठतेसाठी रुग्णांची मोठी आतडीच काढून टाकली. त्या रुग्णांत बायकाच जास्त होत्या. नवं कारण सापडलं म्हणून घाईनं बाईच्या शरीरावर उपाय केले की काय होतं, ते इथं दिसतं.

म्हणून आजही जपून बोलायला हवं. उंदीर म्हणजे बाई नव्हे. स्त्रियांवरच्या वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष अजून एकमेकांशी जुळत नाहीत. जिवाणू बदलले म्हणून आजार झाला, की आजारामुळे जिवाणू बदलले, हेही पुरतं उलगडलेलं नाही. तेव्हा दुकानातून स्वतःच प्रतिजैविकं आणून खाऊ नका, आणि ‘जिवाणूंची पावडर घ्या, आजार पळेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दही जरूर खा, पण दही म्हणून.

तरी या संशोधनाचं मोल मला मोठं वाटतं. ते दुखण्याचं कारण बाईच्या स्वभावात शोधत नाही, तिच्या उशिरा झालेल्या लग्नात शोधत नाही, शरीरात शोधतं. दुखणं खरं आहे हे मानल्याशिवाय कुणी त्याचं कारण शोधायला बसत नाही. घरातली मुलगी दर महिन्याला पोट धरून पडत असेल, शाळा बुडवत असेल, तर तिला ‘सहन कर’ म्हणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. आणि तिथं आईनं तिच्या वतीनं बोलू नये. कुठं दुखतं, किती दुखतं, ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्यावं.