पाणी कोठे मुरते?

इ. स. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर ह्या मार्गावर मोटारींची एक कसोटी घेण्यात आली. सुमारे ६२० मैलांच्या त्या प्रवासात सहा घाट ओलांडावयाचे होते. त्या कसोटीत सरस ठरलेली मोटार रोल्स-रॉईस कंपनीची होती. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचे मोती, असे तिचे नाव. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. घाट चढण्याच्या तिच्या सामर्थ्याचे कौतुक होणे साहजिकच होते. पण चढलेला घाट उतरावाही लागतो, आणि उतरताना ह्या गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेक मुळीच नव्हता. पायाने दाबावयाचा ब्रेक गिअरपेटीच्या मागे फिरणाऱ्या दांड्याला आवळीत असे, आणि हाताने ओढावयाचा ब्रेक मागच्या दोन चाकांवर चाले. चालकाचा पाय आणि ब्रेक ह्यांच्यामध्ये दांडे, तरफा आणि खिळी होती. म्हणजे सगळे लोखंडच होते. असा ब्रेक ढिला पडे, झिजे, कुरकुरे. परंतु तो कधी मऊ पडत नसे.

आज एखाद्या संग्राहकाजवळ १९५० किंवा १९६० च्या दशकातील उंची मोटार असते. रंग चकाकत असतो, इंजिन घड्याळासारखे चालत असते. मात्र ब्रेकवर पाय ठेवताच तो कापसाच्या गादीवर ठेवल्यासारखा आत जातो. गाडी थांबते, पण ती थांबेल असा भरवसा वाटत नाही. गॅरेजमधील कारागीर म्हणतो, “ब्रेक स्पंज झाला.” ही मऊपणाची व्याधी आली कोठून? तिचे निदान करावयाचे तर आधी तिचा जन्म पाहिला पाहिजे. कारण लोखंडाच्या जागी पाणी आले, त्याच दिवशी ती जन्माला आली.

ह्या कथेचे मूळ सतराव्या शतकात आहे. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच तत्त्वज्ञ इ. स. १६६२ मध्ये वारला आणि द्रवांच्या समतोलावरील त्याचा प्रबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्यातील सिद्धांत. एका भांड्याला दोन तोंडे असावीत, एक लहान आणि दुसरे त्याच्या शंभरपट मोठे. मग लहान तोंडावर जोर लावणारा एक माणूस मोठ्या तोंडावरील शंभर माणसांना तोलून धरील, असे उदाहरण त्याने दिले आहे. योगायोग असा की, ज्या १६६२ साली पास्कल गेला, त्याच साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल ह्याने हवेचा नियम प्रसिद्ध केला. दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा तो नियम.

मऊ पडलेल्या ब्रेकचे सारे रहस्य ह्या दोन नियमांच्या भांडणात आहे. ब्रेकच्या नळ्यांत वातावरणाच्या सत्तरपट दाब निर्माण झाला असे समजू. इतक्या दाबाखाली पाणी हजारात जेमतेम तीन भाग आकसते. म्हणजे व्यवहारात ते लोखंडासारखेच ताठ राहते. पण त्याच नळीत सात घन सेंटिमीटर हवा शिरली असेल, तर ती आकसून एक दशांश घन सेंटिमीटर एवढीच उरते. पेडल दाबल्यावर जो द्रव पुढे सरकावयाचा, तो आधी ही आकसलेली जागा भरून काढण्यात खर्ची पडतो. पास्कलच्या राज्यात बॉईल शिरला की पाय खाली जातो.

ही कल्पना मोटारीत आणण्याचे श्रेय माल्कम लॉकहीड ह्या अमेरिकन तंत्रज्ञाला दिले जाते. विमाने बांधणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी तो एक. १९१७ मध्ये त्याने चारही चाकांना द्रवाच्या साह्याने ब्रेक लावण्याच्या योजनेचे पेटंट मिळविले. पेडलखाली एक मुख्य सिलेंडर, प्रत्येक चाकापाशी एक लहान सिलेंडर, आणि मध्ये द्रवाने भरलेल्या नळ्या, एवढाच तो खटाटोप. त्याचा मोठा गुण असा की, चारही चाकांना दाब आपोआप सारखा मिळे. दांड्यांच्या ब्रेकमध्ये एक दांडा जरा आखूड झाला की गाडी एका बाजूला ओढली जाई. पाणी असा पक्षपात करीत नाही. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे ग्रां प्री शर्यत झाली. तीत जिमी मर्फी हा अमेरिकन चालक द्यूसेनबर्ग गाडी घेऊन पहिला आला. त्या गाडीच्या ब्रेकमध्ये पाणी आणि ग्लिसरीन ह्यांचे मिश्रण भरलेले होते. त्याच वर्षापासून द्यूसेनबर्गच्या विक्रीच्या महागड्या गाड्यांनाही असेच ब्रेक बसू लागले. तेव्हा मऊ पडणारा ब्रेक हे उंची मोटारीचेच अपत्य होय, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या अपत्याला बाळदुखणीही लागली. आरंभीच्या सिलेंडरांत द्रव अडविण्यासाठी चामड्याच्या वाट्या वापरीत. आपल्याकडे मोटेची सोंड किंवा हातपंपाचा वायसर ज्याने पाहिला असेल, त्याला चामड्याचा स्वभाव सांगावयास नको. ते सुकले की आकसते, आणि आकसले की पाझरते. १९२४ मध्ये क्रायस्लरची पहिली मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या अभियंत्यांनी चामड्याऐवजी रबराच्या वाट्या योजल्या आणि द्रवाचा ब्रेक मध्यम किमतीच्या गाडीत येऊन पोहोचला. तरीही सगळे निःशंक झाले नाहीत. फोर्ड कंपनी १९३८ पर्यंत दांड्यांच्या ब्रेकला चिकटून राहिली. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद आहे, ह्याची तिच्या जाहिराती प्रौढी मिरवीत असत. ह्या हटवादाला हसण्याचे कारण नाही. लोखंडाचा दांडा तुटण्यापूर्वी बहुधा डोळ्यांना दिसतो. नळीच्या आतला बुडबुडा कोणाला दिसणार?

रोल्स-रॉईसची सावधगिरी तर ह्याहून मोठी. १९१९ च्या हिस्पानो-स्विझा मोटारीत मार्क बिर्किग्ट ह्याने एक युक्ती योजली होती. गाडीच्या स्वतःच्या गतीतूनच ब्रेकला जोर मिळावा, ही ती युक्ती. १९२४ च्या सुमारास रोल्स-रॉईसने तिचाच अवलंब केला. गिअरपेटीच्या बाजूला संथ फिरणारी एक तबकडी असे. पेडल दाबले की ती पकड घेई आणि ब्रेक ओढी. द्रवाला ह्या कंपनीने आपल्या घरात घेतले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सिल्व्हर रेथ गाडीत. आणि तेही फक्त पुढच्या चाकांपुरते. मागच्या चाकांकडे जाणारे दांडे तिने राखून ठेवले. १९५५ च्या सिल्व्हर क्लाउडमध्ये मागच्या चाकांनाही द्रव मिळाला, तरी लोखंडाचा दुवा सुटला नाही.

म्हणून जुन्या उंची मोटारीचा ब्रेक तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही गाडी इतिहासाच्या कोणत्या पायरीवरची आहे? सिल्व्हर क्लाउडची तबकडी चाके फिरत असली तरच जोर देते. त्यामुळे अगदी मंद गतीत ब्रेक क्षणभर उशिरा लागल्यासारखा वाटतो. तो दोष नव्हे, ती त्या यंत्राची प्रकृती आहे. ज्या गाडीत इंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो असतो, तिचे पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले की ते किंचित खाली जाते. तोही आजार नाही. सर्व्हो जिवंत असल्याची ती खूण आहे.

प्रकृती आणि विकृती ह्यांतील भेद एकदा कळला की मग लक्षणे वाचावयाची. पेडल लवचिक लागते आणि दोनचार वेळा भराभर दाबल्यावर वर येऊन ताठ होते. अशा वेळी पहिला संशय हवेवर घ्यावा. कारागीर तिला ‘एअर धरली’ म्हणतात. ती बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून काढतात. पेडल लांबवर जाते, पण तेथे पोहोचल्यावर दगडासारखे घट्ट लागते. अशा वेळी हवा निर्दोष असते. ड्रमचे लायनर झिजलेले किंवा जुळवणी ढिली झालेली असते. डिस्क असलेल्या गाडीत चाकाचे बेअरिंग ढिले असेल, तर हलणारी तबकडी पॅडांना मागे लोटते आणि पहिला दाब फुकट जातो.

तिसरे लक्षण अधिक गंभीर. पेडलवर स्थिर जोर ठेवला असता ते हळूहळू खाली उतरत जाते. ह्याचा अर्थ द्रव कोठेतरी निसटतो आहे. टाकीतील ब्रेक ऑइल कमी होत असेल तर चाकांच्या आतल्या बाजू, नळ्यांचे सांधे आणि सर्व्हो तपासावेत. टाकी भरलेलीच राहत असेल, तर चोर घरातलाच आहे. मुख्य सिलेंडरातील रबराची वाटी झिजून द्रव तिला वळसा घालून मागे येतो आहे. येथे एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवा काढताना जुन्या गाडीचे पेडल तळापर्यंत दाबले, तर वर्षानुवर्षे न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून ती वाटी घासली जाते आणि चांगला सिलेंडरही बिघडतो. चौथे लक्षण फसवे असते. हवा पुरती काढली, गळती कोठे नाही, तरी पेडल रबरासारखेच लागते. तेव्हा चाकांजवळच्या रबरी नळ्या पाहाव्यात. म्हातारी झालेली नळी दाबाखाली फुगते, आणि पायाचा जोर त्या फुगवट्यात जिरतो.

पाचवे लक्षण घाटातच प्रकट होते. सकाळी ताठ असलेले पेडल लांब उतारानंतर एकाएकी तळाला जाते. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल ह्या द्रव्यापासून करतात, आणि हवेतील ओल शोषून घेण्याची त्याला खोड असते. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातील छिद्रातून ओल आत येत राहते. कोऱ्या डॉट-३ ऑइलला उकळण्यास निदान २०५ अंश सेल्सिअस तापमान लागावे, असा दंडक आहे; पण त्यात शेकडा पावणेचार भाग पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकपाशी हे ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ ही हवेइतकीच दबणारी. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पुन्हा ताठ होते, आणि पुरावा नाहीसा होतो. पाणी कोठे मुरते आहे, हा प्रश्न आपल्या भाषेत संशयाचा आहे; येथे तो अक्षरशः खरा ठरतो. संग्रहातल्या गाड्या वर्षभरात फारशा चालत नाहीत, म्हणून त्यांचे ऑइल बदलण्याचे कोणास सुचत नाही. परंतु ओल मैल मोजीत नाही, ती महिने मोजते. ह्याउलट, तापलेल्या घाटात पेडल ताठच राहिले आणि गाडी मात्र थांबेना, तर दोष ऑइलचा नव्हे. लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते.

१९५५ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे सिट्रोएन कंपनीची डी. एस. गाडी प्रकट झाली आणि ह्या कथेने आणखी एक वळण घेतले. तिच्यात पेडलच नव्हते. रबराची एक गुंडी होती, आणि ती किंचित दाबताच पंपाने साठविलेला दाब ब्रेकवर सोडला जाई. सिट्रोएनचा हाच परवाना घेऊन रोल्स-रॉईसने १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो काढली. इंजिनावर चालणारे दोन पंप, नायट्रोजन वायूच्या जोरावर दाब साठविणारी दोन गोलके, आणि चारही चाकांना डिस्क अशी तिची रचना होती. दांड्यांवर विश्वास ठेवणारे घराणे आता पूर्णपणे द्रवाच्या स्वाधीन झाले. अशा गाडीत पाय बहुतांशी झडप उघडतो, ब्रेक दाबीत नाही; म्हणून पायाला लागणारा मऊपणा येथे पुरेसा साक्षीदार नव्हे. येथे परीक्षा निराळी. इंजिन बंद ठेवून, दिव्यांची किल्ली चालू करून पेडल पुनःपुन्हा दाबावे आणि धोक्याचे दिवे लागेपर्यंत दाब मोजावेत. गोलके सुस्थितीत असतील तर ही मोजणी लांबत जाते. थोडक्यात दिवा लागला तर त्यांतील वायू गेला असे समजावे. ह्याच कंपनीच्या १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल लागते. एकाचे तेल दुसऱ्यात घातले तर रबराच्या वाट्या निकामी होतात, आणि ही चूक नळ्या धुऊन भरून निघत नाही.

एका नळीच्या भरवशावर चार चाके सोपविणे बरे नव्हे, हेही हळूहळू सर्वांना पटले. १९६२ च्या कॅडिलॅक मोटारींत मुख्य सिलेंडराचे दोन भाग करण्यात आले, म्हणजे एक बाजू फुटली तरी दुसरी चालावी. आणि १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तशी व्यवस्था सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या पुष्कळ देखण्या गाड्यांत मात्र एकच नळीमार्ग आहे. त्यांच्या बाबतीत मऊ पेडल ही पहिली सूचना असते, आणि कधीकधी तीच शेवटचीही ठरते.

चामड्याची वाटी, रबराची नळी, ओल शोषणारे ऑइल आणि वायूचे गोलक, अशा एकेका पायरीने माणसाने पाण्यावर विश्वास ठेवावयास शिकून घेतले. आणि प्रत्येक पायरीने मऊपणाचे एक नवे कारण मागे ठेवले. निदान करणारा कारागीर ह्याच पायऱ्या उलट्या उतरत जातो. ‘पूर्वेचे मोती’ घाट उतरले तेव्हा त्याच्या चालकाला दांडे आणि खिळी डोळ्यांनी पाहता येत होती. आजच्या मालकाला नळीच्या आतले दिसत नाही. त्याला सांगावयाचे ते पेडल सांगते. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून एकदा पाय दाबून पाहावा, आणि तो खाली जात असेल तर गाडी तेथेच ठेवावी.