स्त्रीपार्टी आणि स्त्रीत्वाचा मुखवटा

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केल्यापासून जवळजवळ नव्वद वर्षे मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत. अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. कुलीन स्त्रीने रंगमंचावर येणे निषिद्ध होते, आणि कलावंतिणींच्या नृत्यगायनाची परंपरा संपन्न असूनही शिष्टसंमत मंडळ्या त्यांना सहसा दूरच ठेवीत.

या प्रथेचा कळस बालगंधर्वांच्या, म्हणजे नारायणराव राजहंसांच्या, अभिनयात दिसतो. ‘मानापमाना’तील (1911) भामिनीचा भरजरी थाट त्यांनी जितक्या तन्मयतेने उभा केला, तितक्याच तन्मयतेने ‘एकच प्याला’तील (1919) सिंधूचे ठिगळांच्या लुगड्यातले दैन्यही. सुखवस्तू घरांतील स्त्रिया त्यांचे साडी नेसणे, केशरचना आणि दागिने यांचे अनुकरण करू लागल्या, म्हणजेच ज्या स्त्रीत्वाची नक्कल नट करीत होता, त्याचाच तो आदर्श ठरला.

नक्कल आणि अस्सल यांच्या अशाच प्रश्नावर वेगळ्या संदर्भात बोट ठेवत मनोविश्लेषक जोन रिव्हिएर यांनी 1929 च्या निबंधात स्त्रीत्वाला मुखवटा म्हटले. त्यांनी वर्णिलेली विदुषी सभेत प्रभावी भाषण केल्यावर पुरुषांशी लाडिकपणे वागे; पुरुषी मानलेली बुद्धिमत्ता आपण बळकावली, याची शिक्षा टाळण्याचा तो नेणिवेतील, म्हणजे स्वतःलाही न उमगलेला, मार्ग होता. खरे स्त्रीत्व आणि मुखवटा यांत भेद नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्त्री जन्मत नसून घडते, ही सिमोन द बोव्हार यांची 1949 मधील मांडणी आणि लिंगभाव सततच्या आचरणातून साकारतो, हा जुडिथ बटलर यांचा 1990 मधील विचार त्याच दिशेचा आहे.

तथापि बालगंधर्वांना हा सिद्धान्त जसाच्या तसा लावता येत नाही, कारण रिव्हिएर यांची विदुषी सत्ता लपविण्यासाठी मुखवटा चढवीत होती, तर नटाला लुगडे उतरवताच पुरुषाचे सर्व अधिकार जसेच्या तसे परत मिळत. स्त्रीत्व शिकता येते हे या प्रथेने सिद्ध केले खरे, परंतु ते कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र तिने पुरुषांकडेच ठेवला.

या अधिकाराला उघड आव्हान मिळाले ते 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावर बेतलेल्या या प्रयोगात ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांसारख्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या, आणि स्त्रीकडून अपेक्षिलेली नीती पुरुषालाही बंधनकारक का नसावी, हा प्रश्न आता स्त्रीच्याच तोंडून विचारला गेला.