भर उन्हात फ्लॅश कशाला?

मे महिन्याचं खानदेशी ऊन, दुपारचे बारा, आणि लग्नातला फोटोग्राफर फ्लॅश मारतोय! आमच्या शहाद्यात हे बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढा उजेड पडलाय, सेल कशाला जाळतोस भाऊ?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याच्या मागे बराच मोठा इतिहास आहे आणि त्याचा आपापल्या घरातल्या अल्बमशी जवळचा संबंध आहे. म्हणून आज त्याबद्दल थोडं.

फ्लॅशचा जन्म अर्थातच अंधारासाठी झाला. १८६४ साली आल्फ्रेड ब्रदर्सने इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या एका गुहेत मॅग्नेशियम जाळून फोटो काढला. पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथने तोच प्रयोग इजिप्तच्या पिरॅमिडच्या पोटात केला. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी फ्लॅश पावडर आणली. भडका, धूर आणि कधीकधी भाजलेले हात! १९३० च्या आसपास हा भडका काचेच्या बल्बमध्ये बंद झाला, आणि १९३१ पासून अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने विजेवर चालणारा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा फ्लॅश घडवला.

इथपर्यंत सगळं सोपं. पण उन्हाचं काय?

ऊन डोक्यावर असलं की कपाळ आणि नाक चमकतं, पण टोपीखाली, फेट्याखाली, पदराखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. आपला डोळा उजेड-सावली दोन्ही सांभाळून घेतो, फिल्मला ते जमत नाही. उन्हाप्रमाणे फोटो घेतला तर चेहरा जातो, चेहऱ्याप्रमाणे घेतला तर मागचा मांडव पांढराफटक होतो. उपाय एकच, सावलीत थोडा उजेड ओतायचा. म्हणजे इथे फ्लॅशचं भांडण अंधाराशी नसतं, सूर्याशी तडजोड असते.

ही तडजोड दिसते तेवढी सोपी नव्हती. फ्लॅशचा झोत हजाराव्या हिश्श्याच्या आसपास, क्षणात संपतो, त्यामुळे शटर भराभर मारलं तरी त्याला फरक पडत नाही. ऊन मात्र कमी होतं. म्हणजे शटरने फक्त ऊन आवरायचं, अ‍ॅपर्चरने दोन्ही. एवढं कळलं की झालं, असं वाटेल. पण जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत फिल्मपुढे दोन पडदे असायचे. शटरचा वेग वाढला की अख्खी फिल्म एकदम उघडी पडतच नसे, फक्त एक फट सरकत जायची. मग फ्लॅशचा उजेड फोटोच्या एका पट्ट्यावरच पडायचा. म्हणून अनेक कॅमेऱ्यांवर फ्लॅशसाठी मर्यादा असे १/६० सेकंदाची.

आता हिशेब बघा. कडक ऊन, १०० आयएसओची फिल्म, शटर १/६०, तर अ‍ॅपर्चर होतं एफ २२. गाइड नंबर २८ (मीटरमध्ये) असलेला फ्लॅश तिथे पुरा पडतो जेमतेम सव्वा मीटर! नवरीचा फोटो काढायचा तर तिच्या मुंडावळ्यांपर्यंत जाऊन उभं राहायला हवं.

इथेच यशिका मॅट १२४जी सारख्या, वरून डोकावून बघायच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याची किमया कळते. त्याचं शटर भिंगातच असे, ते १/५०० लाही पूर्ण उघडे आणि फ्लॅशशी जुळे. १/५०० म्हणजे एफ ८, आणि तोच फ्लॅश आता साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. अख्खी वरात मावते की! छोट्या गावांतल्या स्टुडिओवाल्यांनी हे कॅमेरे वर्षानुवर्षं जपले ते काही उगाच नाही.

पुढे कॅमेराच हिशेब करू लागला. १९८६ साली ऑलिंपसच्या एफ२८० फ्लॅशने एका झोताऐवजी झपाझप अनेक छोटे झोत सोडून १/२००० पर्यंत मजल मारली. १९८८ मध्ये निकॉनचा एसबी-२४ आला, तो कॅमेऱ्याबरोबर मागचा उजेड मोजून स्वतःच आवरतं घेऊ लागला.

पण मला खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक जी 'शर्ली कार्डं' लॅबना पुरवायचं, त्यांवर अनेक वर्षं गोरी बाईच असे. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं आली ती १९९० च्या दशकात. म्हणजे आधीच सावळा चेहरा, त्यावर टोपीची सावली, आणि मोजमाप मात्र गोऱ्या गालाचं! आमच्या घरी शेतातला एक ग्रुप फोटो आहे. त्यात पांढरी धोतरं लख्ख आणि माणसं ओळखूच येत नाहीत. बघणारा सहज म्हणतो, "आजोबा काळेच होते." अहो, ते काळे नव्हते, त्यांच्यापर्यंत उजेड पोचवला नव्हता!

याची उलट बाजूही आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या काठीची राजवाडी होळी घ्या. रात्रभर नाच, पहाटे पेटणारी होळी, मोरपिसांचे टोप, अंगभर पांढरे ठिपके. तिथे समोरून सरळ फ्लॅश मारला की ठिपके तेवढे चकाकतात, मागची आग आणि पहाट दोन्ही गायब. जाणकार तिथे शटर सावकाश ठेवतो, म्हणजे आगीचा उजेड आत येतो. फ्लॅशवर केशरी जिलेटिन लावतो आणि जोर कमी करतो. तिथे फ्लॅशने पाहुण्यासारखं वागायचं, यजमानासारखं नाही.

आता मोबाईल एका क्षणात तीन-चार फोटो घेऊन उजेड-सावली आपोआप जुळवतो. सोय मोठीच आहे, नाही कशाला म्हणा. पण सावलीतला चेहरा किती उजळायचा हे आता मशीन ठरवतं, आणि कधीकधी उजळण्याच्या नादात सावळा रंगच पुसून टाकतं. चेहरा दिसणं आणि चेहरा गोरा होणं यात फरक आहे, राव!

तेव्हा पुढच्या लग्नात कुणी भर उन्हात फ्लॅश मारताना दिसलं तर हसू नका. तो बिचारा तुमच्या फेट्याखालचे डोळे शोधतोय.