रायफलीची माशी : (लिव्हर-ॲक्शन रायफलीतील जुळणी). नळीच्या तोंडाजवळ बसवलेल्या नेमदर्शकास माशी म्हणतात. विंचेस्टर १८७३ व १८९४ यांसारख्या अमेरिकी लिव्हर-ॲक्शन रायफलींत ती बहुधा नळीवरील आडव्या खाचेत घट्ट ठोकून बसवलेली असते. ही खाच वर अरुंद, तळाशी रुंद असते. निशाणेबाजीसाठी उघड्या माशीऐवजी नळकांडीवजा माशीही बसवतात. लायमन १७ए या प्रकारात कडे किंवा खांब असलेल्या चकत्या लक्ष्यानुसार बदलता येतात.

जुळणीचा नियम असा : गोळ्या ज्या बाजूस पडतात, त्याच बाजूस माशी सरकवावी. गोळ्या वर लागत असल्यास उंच माशी घालावी. खाली लागत असल्यास माशी कानशीने थोडीथोडी घासावी. मागील नेमदर्शकाचा नियम याच्या उलट असतो.

सरकवण्याचे अंतर = चूक × दोन्ही नेमदर्शकांतील अंतर ÷ लक्ष्यापर्यंतचे अंतर. नेमदर्शकांत ५०० मिमी. अंतर असून १०० मी. वर गोळ्या १० सेंमी. उजवीकडे पडत असतील, तर माशी केवळ ०.५ मिमी. उजवीकडे न्यावी लागते. म्हणून माशी व नळीवर आधी पेन्सिलीची सलग रेघ ओढतात. दोन रेघांमधील फटीवरून सरक कळते.

काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करतात. नळी शेगड्यात मऊ आधारावर धरून पितळी पंच व हलक्या हातोडीने माशीच्या बुडाशी ठोके देतात. एका गोळीवर न विसंबता तीन ते पाच गोळ्यांच्या पुंजाचा मध्य पाहूनच पुढील बदल करतात.