न पोचलेले नकारपत्र

एका शिक्षण संस्थेच्या कचेरीचे काम घरी बसून करणाऱ्या आमच्या एक स्नेही बाई आहेत. एप्रिल अखेरीस निकालपत्रके पाठवायची होती आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांचा संगणक गोठू लागला. तक्रार मोठी चमत्कारिक होती. कचेरीच्या व्हीपीएनला जोडणी लगेच होई, फाइलींची यादीही दिसे. पण निकालाची मोठी फाइल पाठवायला घेतली, की खिडकी पांढरी पडे आणि उंदीर हलवला तरी काही घडत नसे. दोन ओळींचा निरोप मात्र बिनबोभाट जाई. व्हीपीएन तोडले की पाचेक मिनिटांत संगणक पूर्ववत! विषाणू शोधून झाला, स्मृती वाढवून झाली, नवा संगणक घेण्याची चर्चाही झाली.

या दुखण्याचे मूळ बाईंच्या टेबलावर नव्हतेच. ते शोधायला आपल्याला चाळीसएक वर्षे मागे जावे लागते.

संगणकांच्या जाळ्यात माहिती सलग वाहत नाही. तिची पाकिटे करतात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता घालून ती एकामागून एक सोडतात. पाकीट केवढे असावे? झेरॉक्स, डीईसी आणि इंटेल या तीन कंपन्यांनी १९८० साली इथरनेटचे मानक जाहीर केले, त्यात एका चौकटीत जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती, असे ठरले. त्या काळच्या तारेवर सेकंदाला एक कोटी बिट जात. म्हणजे १५०० बाइटचे, अर्थात १२,००० बिटचे पाकीट १.२ मिलिसेकंद तार अडवून धरी. तार सामाईक असल्याने तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचे. तारा पुढे हजारपट वेगवान झाल्या, पण १५०० हा आकडा आजही बहुतेक ठिकाणी तसाच टिकून आहे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८१ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला इंटरनेटचा मूळ नियमग्रंथ आला. निरनिराळी जाळी एकमेकांना जोडायची, तर कुठेतरी दार लहान असणार हे त्यात गृहीत होते. वाटेवरच्या राउटरला पाकीट मोठे वाटले, तर त्याने त्याचे तुकडे करावेत आणि ते मुक्कामी जोडले जावेत, अशी सोय होती. पाठवणाऱ्याला तुकडे नको असतील, तर तशी खूण पाकिटावर करता येई. मग मात्र राउटरने ते पाकीट टाकून द्यायचे. टाकून दिल्याची चिठ्ठी उलट टपाली पाठवण्याची सोय त्याच महिन्यात निघालेल्या आयसीएमपी या सोबतच्या नियमावलीत होती: ‘प्रकार ३, संकेत ४’, म्हणजे ‘तुकडे करणे जरूर, पण मनाई आहे’. या लेखात तिला आपण नकारपत्र म्हणू.

तुकडे करण्याची पद्धत दिसायला सोयीची, प्रत्यक्षात महाग. एक तुकडा हरवला तरी अख्खे पाकीट पुन्हा पाठवावे लागते. ख्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल यांनी १९८७ साली ही पद्धत घातक आहे, असे आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ठणकावून सांगितले. मग मोगल यांनी स्टीव्ह डीअरिंग यांच्यासह नोव्हेंबर १९९० मध्ये एक नामी तोड सुचवली. प्रत्येक पाकिटावर ‘तुकडे नकोत’ ही खूण करायची. वाटेत दार लहान असेल तर नकारपत्र येईलच. त्या पत्राच्या छापील नमुन्यात १९८१ पासून एक रकाना रिकामा होता. राउटरने त्यात आपल्या दाराचे माप लिहायचे. पाठवणारा ते वाचून पाकिटे लहान करील. राउटरला तुकडे करण्याची मेहनत नाही आणि वाटेचे माप आपोआप कळते. नव्वदचे दशक संपेपर्यंत बहुतेक संगणक हीच रीत पाळू लागले.

या रीतीत एकच नाजूक जागा होती. सगळा डोलारा नकारपत्र परत येण्यावर उभा होता.

आता व्हीपीएनकडे वळू. घरचा संगणक आणि कचेरीचे जाळे यांच्यामध्ये खुल्या इंटरनेटमधून काढलेला हा कुलूपबंद बोगदा. जॉन इओनिडिस आणि मॅट ब्लेझ यांची ‘स्वाइप’ ही रचना १९९३ ची. १९९५ मध्ये आयपीसेकची पहिली मानके आली आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४ मध्ये पीपीटीपी हा बोगदा दिला. तपशील निराळे असले तरी युक्ती एकच: मूळ पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालायचे आणि त्या बाहेरच्या पाकिटावर कचेरीचा पत्ता लिहायचा.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. खोक्याला एक फट पाडा. एक पाकीट जेमतेम जाईल एवढीच ती ठेवा. मग तेच पाकीट न दुमडता दुसऱ्या पाकिटात घालून टाकायला सांगा. बाहेरचे पाकीट फटीत अडते, हे सांगावे लागत नाही. अलीकडच्या वायरगार्ड या व्हीपीएनचा हिशेब घेऊ. बाहेरच्या पत्त्याचे २० बाइट, वाहतुकीच्या पट्टीचे ८ आणि कुलुपाचे ३२, मिळून ६०. आतले पाकीट १५०० चे असेल तर बाहेरचे १५६० चे झाले. टेलिफोनच्या तारेवरून नाव आणि परवलीचा शब्द देऊन मिळणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीनुसार, आणखी ८ बाइट जातात आणि दार १४९२ चेच उरते. अर्थात यात घाबरण्यासारखे काही नाही. नकारपत्र येईल, पाकिटे लहान होतील.

पण याच सुमारास एका वेगळ्याच गोठण्याने जाळ्यांच्या व्यवस्थापकांची झोप उडवली. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला होता. आयसीएमपीचा एक ‘आहेस का?’ निरोप पाठवायचा आणि ‘आहे’ असे उत्तर येते का पाहायचे, एवढेच त्याचे काम. नियमाप्रमाणे कोणतेही पाकीट ६५,५३५ बाइटच्या वर जाऊ शकत नाही. पण विंडोज ९५ च्या पिंगला ६५,५१० बाइट मजकूर पाठव असे सांगितले, की ते मुकाट्याने पाठवी. त्यात निरोपाच्या पट्टीचे ८ आणि पत्त्याचे २० मिळवा: ६५,५३८. अवघे तीन बाइट जास्त! ते तुकड्यातुकड्यांनी मुक्कामी पोचत, जोडताना राखून ठेवलेल्या जागेबाहेर सांडत आणि समोरचा संगणक जागच्या जागी गोठे किंवा बंद पडे. १९९६ च्या अखेरीस हे उघड झाले तेव्हा त्याला ‘मरणाचे पिंग’ असे नाव पडले. अनेक कंपन्यांची यंत्रे त्याला बळी पडत होती. त्या चुकीची दुरुस्ती लवकरच निघाली. पण त्यामागोमाग पिंगची हजारो उत्तरे एकाच यंत्रावर लोटणारा ‘स्मर्फ’ हल्ला आला, त्याबद्दलचा जाहीर इशारा जानेवारी १९९८ चा आहे.

घाबरलेल्या व्यवस्थापकांपैकी अनेकांनी सोपा उपाय केला. फायरवॉलवर केवळ पिंग न अडवता आयसीएमपीचे सगळेच निरोप बंद! चोर पोस्टमनच्या वेषात आला म्हणून गावाने टपालच बंद करावे, तसला हा प्रकार. ज्या दाराने पिंग येई, त्याच दाराने नकारपत्रही येत असे, याचे भान फार थोड्यांना होते. आमच्या मते या इतिहासातला खरा दोषी हल्लेखोर नव्हे, ही घाई आहे. दुरुस्ती झाली, यंत्रे बदलली, तरी तो बंदीचा नियम एका व्यवस्थापकाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्काने जात राहिला.

मग काय होते ते पाहा. मोठे पाकीट राउटर टाकून देतो, नकारपत्र पाठवतो, ते फायरवॉलवर मरते. पाठवणाऱ्याला वाटते, वाटेत गर्दी असेल. तो तेवढेच मोठे पाकीट पुन्हा पाठवतो, आणि शिस्तीप्रमाणे दर वेळी दुप्पट थांबतो. पहिली वाट एक सेकंदाची धरली तर १, २, ४, ८, १६. पाच खेपांत ३१ सेकंद गेले आणि पुढची वाट ३२ सेकंदांची. कचेरीची फाइल उघडून बसलेला कार्यक्रम तोवर उत्तराकडे डोळे लावून बसतो आणि कळ दाबली तरी लक्ष देत नाही. त्यालाच आपण ‘संगणक गोठला’ म्हणतो. तो बिघडलेला नसतो, वाट पाहत असतो. लहान निरोपांची पाकिटे मुळातच लहान असल्याने ती मजेत जातात. या प्रकाराला जाळ्यांच्या भाषेत ‘कृष्णविवर’ हेच नाव आहे, आणि सप्टेंबर २००० च्या एका इंटरनेट टिपणात तो नीट नोंदवलेला आहे.

उपायांचाही इतिहास झाला. काही राउटर जोडणीच्या आरंभीच दोन्ही बाजूंनी कबूल केलेले माप परस्पर कमी करून टाकतात. लिनक्समधल्या या सोयीच्या माहितीपुस्तिकेत नकारपत्रे अडवणाऱ्यांना उद्देशून जे शब्द वापरले आहेत, ते वर्गात वाचून दाखवण्यासारखे नाहीत! मार्च २००७ मध्ये मॅट मॅथिस आणि जॉन हेफनर यांनी नकारपत्रावर विसंबायचेच नाही अशी पद्धत मांडली: थोडे मोठे पाकीट पाठवून पाहावे, पोच आली तर ठीक, नाही तर लहान करावे. त्याच वर्षी मे महिन्यात, नव्या पिढीच्या आयपीव्ही-६ जाळ्यांत हे पत्र फायरवॉलने कदापि अडवू नये, अशी शिफारस प्रसिद्ध झाली. तिथे राउटरला तुकडे करण्याची मुभाच नसल्याने पत्र अडले की सगळेच अडते.

बाईंच्या घरी आम्ही बसलो तेव्हा याहून साधा मार्ग धरला. पिंगलाच साक्षीला बोलावले. व्हीपीएन जोडून, ‘तुकडे नकोत’ अशी खूण करून कचेरीच्या यंत्राकडे १३०० बाइट पाठवले, उत्तर आले. १४०० पाठवले, उत्तरही नाही आणि नकारही नाही. मग दर वेळी मधला आकडा घेत गेलो: १३५० गेले, १३७५ अडले, १३६२ अडले. शंभरातला नेमका आकडा गाठायला अशा सात खेपा पुरतात, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. १३५२ वर गाडी थांबली. त्यात २८ मिळवून १३८० हे माप व्हीपीएनच्या मांडणीत भरले आणि निकालाची फाइल पुन्हा पाठवली. चहा येईपर्यंत ती पोचली होती.

कचेरीतल्या गृहस्थांना फोन केला तेव्हा ते आधी म्हणाले, “आयसीएमपी? ते आम्ही सुरक्षेसाठी बंदच ठेवतो.” आठवड्याने त्यांनी फायरवॉलमध्ये ‘प्रकार ३, संकेत ४’ एवढा एकच निरोप मोकळा केला. बाहेरून येणाऱ्या पिंगला तिथे अजून बंदी आहे.