सुरक्षा वातावरण (कारखान्यांतील)
कारखान्यात सुरक्षिततेला प्रत्यक्षात किती किंमत आहे, याविषयीची कामगारांची सामायिक धारणा. ती भिंतीवरच्या फलकांवरून बनत नाही. मालाची घाई असताना मुकादम बिघडलेले यंत्र थांबवू देतो का, यावरून बनते. कंत्राटी कामगार नोकरी जाण्याच्या भीतीने गप्प राहतो, म्हणून तक्रारी कमी असणे ही चांगल्या वातावरणाची खूण मानता येत नाही. इस्राएलमधील २० कारखान्यांच्या पाहणीतून डोव्ह झोहर यांनी १९८० मध्ये ही संकल्पना मांडली. व्यवस्थापनाची आस्था हा तिच्यातील कळीचा घटक. भारतात भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांत कामगार-प्रतिनिधींसह सुरक्षा समित्या बंधनकारक झाल्या.